भिंत वाळू द्यावी : घरदुरुस्तीचा हिशेब

रोजमेळात एका रुपयाचा फरक आला तर रात्री उशिरापर्यंत चोपड्या धुंडाळणारी व्यापारी कुटुंबे घराच्या दुरुस्तीवर मात्र बरेचदा डोळे मिटून खर्च करतात. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा, रंगाच्या दुकानदाराने सुचविलेला डबा आणि 'दिवाळीपूर्वी उरकून टाकू' ही घाई, एवढ्या भांडवलावर हजारो रुपये भिंतीवर चढतात आणि पुढच्या आषाढात पोपड्यांच्या रूपाने खाली उतरतात. मग दोष रंगाला दिला जातो, रंगाऱ्याला दिला जातो, क्वचित घराच्या वास्तूलाही दिला जातो. ओल कोठून आली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

सांगलीच्या जुन्या बाजारपेठेतील एका भुसार व्यापारी कुटुंबाने हा अनुभव लागोपाठ दोनदा घेतला. पुढे दुकान, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, वर निजावयाच्या खोल्या, असे त्यांचे घर आहे. भिंती भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, अठरा इंच जाडीच्या. ज्या पिढीने घर बांधले तिने दरवर्षी वैशाखात सफेदी दिली. पुढच्या पिढीला सफेदी जुनाट वाटू लागली. घरात दोघे भाऊ, दोन्ही सुना, तीन मुले आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पाण्याने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्यावरून पेठांमध्ये काय झाले असेल याची कल्पना यावी. या घरात पाणी छातीइतके चढले आणि काही दिवस हटलेच नाही. ते ओसरले तेव्हा पर्युषण तोंडावर आले होते. भिजलेली पोती, चिखल आणि कुबट वास यांतून दुकान कसेबसे उभे राहिले, आणि दिवाळीपूर्वी घरही पूर्ववत दिसावे असे सर्वांनाच वाटू लागले. कंत्राटदाराने फुगलेला जुना गिलावा पाडला, सिमेंटचा नवा गिलावा केला, त्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग चढविला. खर्च एक लाख ऐंशी हजार रुपये. लक्ष्मीपूजनाला घर लखलखत होते.

पुढच्या ज्येष्ठात कमरेच्या उंचीवर रंगाला फोड आले. बोट लावले की फोड फुटे आणि आतून मिठासारखी पांढरी पूड गळे. भिंतीला लोणा लागला होता. त्यावर्षी कोणी तरी 'ओल अडविणारा' खास रंग सुचविला. चौसष्ट हजार रुपये खर्चून तो लावला. ओल अडली खरी, पण ती रंगामागे अडली आणि वर सरकली. पूर्वी कमरेपर्यंत असलेला डाग खांद्यापर्यंत गेला. जुलै २०२१ मध्ये पेठेत पुन्हा पाणी शिरले आणि दोन्ही वर्षांचे काम एकदमच निकालात निघाले.

हे पैसे कोठून आले, हा या हकिकतीचा अधिक गंभीर भाग आहे. दोन्ही वेळा रक्कम दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलली गेली होती. व्यापारी घरांत ही सवय इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. परंतु कॅश क्रेडिट म्हणजे शिल्लक नव्हे. दुकानातील माल आणि येणे यांच्या आधारावर, ठराविक मार्जिन वजा करून, बँक जी उचल देते ती मालासाठी असते. पुरात माल गेला की तिचा आधारच आक्रसतो. विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत मर्यादा खाली येते. नेमक्या अशाच वेळी या कुटुंबाने घराच्या भिंतीसाठी तीच मर्यादा वापरली. माघ-फाल्गुनात तूर आणि हरभऱ्याची आवक सुरू झाली तेव्हा खाते काठोकाठ भरलेले होते. भाव उतरलेला दिसत असून खरेदी करता आली नाही. दोन लाख चव्वेचाळीस हजारांवर ११ टक्क्यांनी वर्षाला २६,८४० रुपये व्याज होते ते वेगळेच; आणि खाजगी उचलीवरचे हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखविता येत नाही, हे करसल्लागाराने मागाहून सांगितले.

धाकटी सून वाणिज्य शाखेची पदवीधर. घरखर्चाची वही तिच्याकडे होती, दुकानाच्या वहीशी तिचा संबंध नव्हता. तिने दोन्ही वह्यांतून घरावर झालेला खर्च एका पानावर मांडला आणि ते पान जेवणानंतर मोठ्या दिरांपुढे ठेवले. दिरांनी आकडे पाहिले, पान परत दिले आणि एवढेच म्हणाले, "मग आता काय, भिंती अशाच ठेवायच्या?"

"काही दिवस अशाच ठेवू, दादा," ती म्हणाली.

भिजलेल्या जाड भिंतीबाबत जुन्या बांधकामाचे जाणकार एक ढोबळ आडाखा सांगतात : भिंत वाळावयास जाडीच्या प्रत्येक इंचामागे सुमारे एक महिना लागतो. अठरा इंचांची भिंत म्हणजे दीड वर्ष. या कुटुंबाने ऑगस्टमध्ये भिजलेली भिंत ऑक्टोबरमध्ये सिमेंट, पुट्टी आणि प्लॅस्टिकच्या थराखाली बंद केली होती. आतले पाणी बाहेर पडावयाचा मार्ग शोधणारच. पाण्याबरोबर विटांतील, मातीतील आणि पुराच्या गाळातील क्षार विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याची भुकटी करतात. लोणा तो हाच. त्याच्यावर कितीही महाग रंग लावला तरी तो बाहेरून लावलेला असतो आणि जोर आतून येत असतो.

सिमेंट हा वाईट पदार्थ नव्हे. तो या भिंतीचा सोयरा नव्हे इतकेच. चुन्यात बांधलेली भिंत थोडी ओल घेते आणि तितकीच सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्याने ती सोडण्याची वाट बंद होते. आजींना यातील रसायन ठाऊक नव्हते, पण घरातील वडीलधाऱ्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी एवढे नक्की सांगितले असते की १९६१ च्या पुरानंतर, पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी पुण्यात त्यांच्या माहेरच्या वाड्यात पाणी शिरले होते, तेव्हा पुढची दोन वर्षे भिंती उघड्याच ठेवल्या होत्या. कोणी विचारले नाही.

त्यावर्षीच्या दिवाळीनंतर काम सुरू झाले. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस, सकाळचे तीन तास, आणि हाताशी घरचीच माणसे. ज्या भिंतींतून विजेच्या तारा गेल्या होत्या त्यांचा प्रवाह परवानाधारक वायरमनकडून आधी तोडून घेतला. हे केल्याशिवाय छिन्नीला हात लावू नये. मग ओलीच्या रेषेच्या वर आणखी दीड फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा पाडला. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पायांत जाड चपला. विटांच्या दर्जांमध्ये कोळी आणि किडे दडलेले असतात. आजींनी घातलेल्या अटीप्रमाणे प्रत्येक भिंत आधी पूंजणीने हलक्या हाताने झाडली जाई आणि नंतरच हातोडा चाले. पावसाळ्यात भिंती खरवडावयाच्या नाहीत, ही दुसरी अट. जीवोत्पत्ती वाढण्यापूर्वी, चातुर्मासाच्या आधी, असली कामे संपविण्याची जुनी रीत जयणेची आहे आणि बांधकामाच्या दृष्टीनेही तीच योग्य आहे, कारण पावसाळ्यात भिंत वाळत नाही.

उघड्या विटांवर दर आठवड्याला पांढरी पूड फुले. ती कोरड्या ब्रशाने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावयाची. येथे बहुतेक लोक पाण्याने भिंत धुण्याची चूक करतात. पाणी लागले की क्षार पुन्हा विरघळून भिंतीत जातात. थोरल्या मुलाने पहिल्या महिन्यात दर सुट्टीला पूड झाडली. पुढे ती पंधरवड्याला आणि मग महिन्याला झाडावी लागू लागली. एवढ्याने खर्च किती झाला? ब्रश, छिन्नी आणि राडारोडा वाहून नेणाऱ्या गाडीचे भाडे.

सहा महिन्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात आली. सर्व भिंती सारख्या वाळत नव्हत्या. दुकानालगतची भिंत जवळजवळ कोरडी झाली होती, परसाकडची अर्धवट, आणि माजघर व न्हाणीघर यांच्यामधली तर पहिल्या दिवसाइतकीच ओली होती. एकाच पुरात भिजलेल्या तीन भिंतींच्या तीन तऱ्हा असतील तर कारणेही तीन असली पाहिजेत.

यासाठी दोन साध्या कसोट्या केल्या, आणि त्या कोणत्याही घरात करता येतात. पहिली कसोटी प्लॅस्टिकची. भिंतीवर साधारण फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस, भिंतीकडे, जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर खोलीतील दमट हवा थंड पृष्ठभागावर गोठते आहे आणि खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय आहे. दुसरी कसोटी पाण्याच्या मीटरची. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी कोणी उठण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी टाकीतील पातळीवर खूण करावी. ताळेबंद जुळविण्याचाच हा प्रकार आहे : कोणी पाणी खर्चिले नसताना आकडा पुढे गेला तर गळती घरातच आहे.

आकडा पुढे गेला होता. न्हाणीघराच्या भिंतीत गाडलेली जुनी लोखंडी नळी गंजून तिला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले होते. पुराचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. दोन वेळच्या रंगकामात ते छिद्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते, कारण शोधावे असे कोणाला वाटलेच नव्हते. प्लंबर बोलावून नळी बदलली आणि नवी नळी भिंतीवरून, दिसेल अशी नेली. दिसावयास ती तितकीशी बरी नाही. परंतु पुन्हा गळली तर त्याच दिवशी कळेल.

परसाकडच्या भिंतीचे कारण शोधावयास कसलीच कसोटी लागली नाही. पाऊस पडत असताना कोणी तरी दारात उभे राहावयाचे होते. वर्षानुवर्षे परसात आधी मुरूम, मग शहाबादी फरशी, मग त्या फरशीवर सिमेंटचा कोबा असे थर चढत गेले होते आणि अंगण जोत्याच्या बरोबरीला आले होते. वरच्या पन्हळीचे पाणी नेमके भिंतीच्या पायाशी पडून उडत होते. दोन्ही भावांनी आणि मुलांनी चार सुट्ट्यांत भिंतीलगतची दोन फूट रुंदीची पट्टी सहा इंच खाली खणली, तिला भिंतीपासून दूर असा उतार दिला आणि पन्हळीला पाइप जोडून पाणी गटारापर्यंत नेले. सबंध दुरुस्तीत सर्वांत कमी पैशात सर्वाधिक गुण आला तो याच कामाने. भिंतीला रंग देण्यापूर्वी घराबाहेर जाऊन तिचा पाया पाहावा, हे अनेकांना सुचतच नाही.

याच काळात थोरल्या मुलीची सगाई ठरली. पाहुणे घरी येणार, आणि माजघराच्या भिंती कमरेच्या वरपर्यंत उघड्या, लालबुंद विटांच्या. मोठ्या भावांचा धीर सुटला. महिन्याभरात गिलावा उरकता येईल, रंगही होईल, असे सांगणारा कंत्राटदार तयार होता. दरही वाजवी होता. धाकट्या सुनेने त्यावर वाद घातला नाही. तिने माजघराच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा लावला आणि दोन दिवसांनी दिरांना बोलावून आतल्या बाजूचे थेंब दाखविले. घरात दोन दिवस कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. शेवटी समारंभ वरच्या मजल्यावर झाला. जिन्याकडे जाताना होणाऱ्या व्याह्यांची नजर भिंतींवर गेली तेव्हा आजींनीच त्यांना थांबवून सांगितले, "पुराचं पाणी प्यालंय घर. वाळायला ठेवलंय." व्याही कोल्हापूरचे होते; त्यांच्या स्वतःच्या घरातही २०१९ चे पाणी शिरले होते. चहापूर्वीचा अर्धा तास लोण्याच्या चर्चेत गेला.

पुढच्या फेब्रुवारीत तिन्ही भिंतींवर लावलेले प्लॅस्टिक कोरडे निघाले. तेव्हा चुन्याच्या गिलाव्याचे काम जाणणारा गवंडी शोधला. असे गवंडी आता थोडे उरले आहेत आणि ते घाई करीत नाहीत. एक भाग भिजवून मुरविलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू, पातळ थरांत, दोन थरांमध्ये वेळ देऊन. हे काम हौशी हातांनी करू नये. त्यानंतरची सफेदी मात्र घरच्यांनी केली, आणि ती कोणालाही करता येईल.

कळीचा चुना भिजवताना एक धोका नीट समजून घ्यावा. चुन्यावर पाणी ओतू नये. पिंपात आधी पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडावे. पाणी उकळू लागते, शिंतोडे उडतात. प्लॅस्टिकची बादली वापरू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये, हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात चुना गेला तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी पुरते. हे मिश्रण एक दिवसभर झाकून ठेवावे, मग कापडातून गाळून घ्यावे, गरम पाण्यात विरघळविलेला थोडा डिंक घालावा म्हणजे चुना अंगाला कमी लागतो, आणि हवी असल्यास चिमूटभर नीळ घालावी. सफेदी दुधासारखी पातळ असावी. दाट चुना एका हातात भिंत पांढरी करतो आणि महिन्याभरात सोलून पडतो. भिंत आधी किंचित ओलसर करावी. पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा, नव्या गिलाव्याला तिसरा. ओल्या भिंतीवर सफेदी करडी, डागाळ दिसते. तेव्हा निराश होऊ नये. वाळताना ती उजळते.

सफेदीला उणिवा आहेत. डिंक घालूनही ती पाठीला थोडी लागतेच, तेलकट हाताचे डाग पुसता येत नाहीत आणि वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते. परंतु पुन्हा द्यावयास चुन्याचे खडे, डिंक आणि दोन सुट्ट्या पुरतात.

जे काम हातात घ्यावयाचे नाही त्याचीही यादी मनाशी पक्की असावी. पुराच्या पाण्यात बुडालेले स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. या कुटुंबाने ते सर्व बदलले, मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर नेला, खालच्या मजल्याची वायरिंग स्वतंत्र केली आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसविली. खर्चातील मोठा वाटा येथे गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला. भिंतीतील भेगांचेही तसेच. केसासारखी भेग भरून टाकता येते. पण भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि काही महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली किंवा रुंदावली तर पुट्टीचा डबा बाजूला ठेवून बांधकाम अभियंत्याला बोलवावे. सदनिकांत राहणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करावयास सांगितले आहे. आपल्या छतातून ओल येत असेल आणि वरच्या शेजाऱ्यांशी अबोला धरला असेल तर आधी हा अहवाल मागवावा.

सिमेंटच्या इमारतीतील सदनिकेला चुन्याची ही सर्व उठाठेव लागू नाही. तेथे इमल्शन रंगच बरा. परंतु हिशेब तेथेही स्वतः करावा. बारा फूट बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंतींची लांबी ४४ फूट, क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून सात बाय तीनचे दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली की ४०३ उरतात. छताचे १२० मिळविले की ५२३. दोन हातांना १,०४६. गुळगुळीत भिंतीवर एका हातास लिटरमागे सव्वाशे चौरस फूट धरले तर साडेआठ लिटर रंग लागेल. चार लिटरचे दोन डबे आणि एक लिटरचा एक डबा पुरतो. अनेक घरांच्या माळ्यावर जे अर्धे भरलेले वीस लिटरचे डबे वाळून गेलेले दिसतात, त्यांचा जन्म हा हिशेब न केल्यामुळे झालेला असतो. गळक्या नळाचेही असेच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक, वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी. ज्या घरात पाणी गाळून, मोजून वापरण्याचे संस्कार आहेत त्या घरात काही रुपयांच्या वॉशरपायी ते गटारात जावे, हे बरे दिसत नाही.

या कुटुंबाचा शेवटचा हिशेब असा : विजेचे काम ४६,००० रुपये, चुन्याचा गिलावा ४८,५००, प्लंबर ६,९००, आणि अवजारे, चुना, पाइप, गाडीभाडे मिळून ११,०००. एकूण १,१२,४००. स्वतः केलेल्या कामामुळे मजुरी वाचली हे खरे, पण मोठा फरक पडला तो निराळ्या ठिकाणी. काम सोळा महिन्यांत विभागले गेल्यामुळे महिन्याला सरासरी सात हजारांच्या आसपास रक्कम घरखर्चातून निघाली आणि दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्याला हात लागला नाही. त्यावर्षी माघात तूर वेळेवर भरता आली.

ज्यांना मोठी दुरुस्ती एकरकमी करावीच लागते त्यांच्यासाठी बँकांचे घरदुरुस्ती कर्ज असते. वैयक्तिक कर्जापेक्षा किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांपेक्षा ते सामान्यतः स्वस्त पडते, आणि जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास राहत्या घराच्या अशा कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. विम्याची बाजूही तपासावी. बँकेच्या अटीमुळे दुकानातील मालाचा विमा बहुतेकांचा असतो, घराचा नसतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचे नुकसान धरलेले आहे. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी तिची चौकशी पावसाळ्याच्या आत करावी.

सांगलीच्या त्या घरात आता वैशाखातील एक सुट्टी सफेदीची ठरलेली आहे. मुले कुंचे धरतात, धाकटे भाऊ शिडीवर असतात, मोठे भाऊ खाली शिडी धरून उभे असतात आणि वरून पडणारे शिंतोडे झेलीत सूचना देत राहतात. न्हाणीघराच्या भिंतीवर, खाली डाव्या कोपऱ्यात, श्रावणात तळहाताएवढा डाग अजून उमटतो. धाकटी सून त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढते आणि शेजारी तारीख लिहिते. पहिल्या वर्षीच्या रेघेच्या आत दुसऱ्या वर्षीची रेघ आहे, आणि तिच्या आत तिसऱ्या वर्षीची.